ब्रूगेलचे 'कळपाचे परतणे' : उदासी रंगांची की रचनेची?

नेदरलँड्सचा चित्रकार थोरल्या पीटर ब्रूगेलने १५६५ साली रंगवलेल्या 'कळपाचे परतणे' या शरद ऋतूच्या चित्रातील उदासी त्याच्या तपकिरी रंगछटांमुळे आली आहे, असे एक मत आहे. ते मला अपुरे वाटते. रंगांचा वाटा मोठा आहेच, परंतु शरदाचा खरा भार रचनेने उचलला आहे. गुरे आणि गुराखी बहुतांशी आपल्याकडे पाठ करून, उजवीकडून डावीकडे, चित्राच्या आत चालले आहेत. त्यामुळे पाहणारा नकळत त्यांच्या मागोमाग जातो, पण डावीकडच्या गावाशी पोहोचण्याआधीच त्याची नजर मधल्या नदीच्या खोऱ्यात घसरते, आणि तेथील निळसर-हिरवा विस्तार मुळीच ऊब देत नाही. उजवीकडून काळे ढग चढून येत आहेत, आणि घोड्यावरचा माणूस पांघरुणात अंग आखडून बसला आहे. दूर नदीकाठी फाशीचा खांबही दिसतो. तो मात्र शोधावा लागतो, आणि ब्रूगेलने तो इतक्या सहजपणे ठेवावा हे मला फार सूचक वाटते.

अँटवर्पचा व्यापारी निकोलास योंगेलिंक याच्यासाठी केलेल्या ऋतुचित्रांपैकी, ज्यांत हेही एक आहे, पाच आज उरली असून त्यांतील तीन व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात आहेत. तेथील 'हिमातील शिकारी' याच्याशी तुलना करावी : तेथेही माणसे पाठमोरीच आहेत, परंतु ती डावीकडून उताराकडे निघाली आहेत आणि खाली गोठलेल्या तळ्यांवर लोक खेळत आहेत. शरदाच्या चित्रात असा विसावा कोठेही दिलेला नाही.