मदत हवी आहे: आईची किडनी चौथ्या टप्प्यात, आणि संधिवातासाठी बायोलॉजिक इंजेक्शन सुचवलंय

नमस्कार मंडळी,

आम्ही कोल्हापूरचे, शाहूपुरीत राहतो. आईचं वय ६३. तिला १६ वर्षांपासून ऱ्हुमॅटॉइड संधिवात (शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो) आहे आणि दीड वर्षापूर्वी किडनीचा आजार निघाला. शेवटच्या रिपोर्टात क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात वाढतं ते) ३.१ आणि ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा आकडा, १६ आलाय. १५ च्या खाली गेला की पाचवा टप्पा, म्हणजे आम्ही अगदी उंबऱ्यावर आहोत. डायलिसिस अजून सुरू नाही.

किडनी कशानं गेली याचं एकच एक उत्तर कुणी देत नाही. बीपी होतंच. पण मला राहून राहून वाटतं ते दुखण्याच्या गोळ्यांचं. घरात लग्नकार्य असलं, सणाचा स्वयंपाक असला की आई मेडिकलमधून डायक्लोफेनॅक या वेदनाशामक गोळ्यांची पट्टी आणायची आणि उभं राहून सगळं उरकायची. चिठ्ठी कुणी मागितली नाही, आम्हीही कधी विचारलं नाही. असं दहा-बारा वर्षं चाललं. या गोळ्यांनी किडनीचा रक्तपुरवठा कमी होतो हे आम्हाला फार उशिरा कळलं. तुमच्या घरात कुणी अशा गोळ्या घेत असेल तर कृपया आजच क्रिएटिनिन तपासून घ्या.

गेल्या पावसाळ्यात आईचं तोंड आलं. उष्णता झाली म्हणून आम्ही तूप लावलं, गुलकंद दिला. आठवड्यात पाणीसुद्धा गिळवेना. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी २,१००, म्हणजे फारच कमी. ती दर रविवारी वातासाठी मेथोट्रेक्सेटची गोळी घ्यायची. हे औषध बाहेर पडतं मुख्यतः किडनीतून. किडनी मंदावली होती, गोळी मात्र तेवढीच चालू होती, म्हणून ते अंगात साचत गेलं. आठ दिवस दवाखान्यात काढले. त्यानंतर मेथोट्रेक्सेट कायमचं बंद.

ते बंद झाल्यावर दोनच महिन्यांत वात उसळला. सकाळी दहापर्यंत हात आखडलेले असतात. नळ फिरवता येत नाही, मूठ मिटत नाही. माझ्या आईनं उभ्या आयुष्यात भाकरी विकत आणलेली नाही, ती आता परातीसमोर बसते आणि मी थापते. प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) १० मिग्रॅ चालू आहे, पण त्यानं साखर वर जायला लागलीय आणि हे कायमचं औषध नव्हे असं डॉक्टर बजावतात.

वाताचे डॉक्टर म्हणाले, आता बायोलॉजिक सुरू करू, म्हणजे जिवंत पेशींपासून बनवलेलं, प्रतिकारशक्तीचा ठराविक भाग दाबणारं औषध. दोन पर्याय सांगितले. एक एटानरसेप्ट, ५० मिग्रॅ, आठवड्यातून एकदा कातडीखाली. दुसरं रिटुक्सिमॅब, सलाइनमधून, पंधरा दिवसांच्या अंतरानं दोनदा. ही औषधं म्हणजे मोठमोठी प्रथिनं असतात, किडनीच्या गाळणीतून ती जातच नाहीत, त्यामुळे साचण्याची भीती नाही असं त्यांनी कागदावर काढून समजावलं. ते मला पटलं. किडनीचे डॉक्टरही नको म्हणत नाहीत, पण त्यांच्या कपाळावरची आठी जात नाही. त्यांचं म्हणणं, किडनीच्या रुग्णाची प्रतिकारशक्ती आधीच कमी, त्यात हे औषध ती आणखी दाबणार. शिवाय टीबी गोल्ड ही क्षयाच्या जंतूंची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आलीय. एक्स-रे स्वच्छ आहे, खोकला-ताप काही नाही. माझ्या आजोबांना क्षय झाला होता, ते जंतू कधीतरी अंगात येऊन झोपून राहिले असतील. आधी क्षयाची गोळी आयसोनियाझिड आणि सोबत बी-६ जीवनसत्त्व सुरू करायचं, महिनाभर ते पोटात गेलं की मग इंजेक्शन, असं ठरतंय.

आईच्या मनानं मात्र घेतलंय की नवीन औषध म्हणजे नवीन दवाखाना. "दुखू दे, पण परत तसं तोंड यायला नको," म्हणते. तिला काय उत्तर देऊ?

तुमच्यापैकी कुणाच्या घरात इतक्या पुढच्या टप्प्यावर बायोलॉजिक घेतलंय का? कोणतं घेतलं, आणि पुढं डायलिसिस सुरू झाल्यावर त्याचं काय केलं? नात्यातल्या एकानं वाताच्याच टोफासिटिनिबच्या गोळ्या सुचवल्यात, स्वस्त पडतात म्हणून. त्यांचा कुणाला अनुभव? आणि इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवायचं आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे बंद होता, आमच्याकडं लाईट नव्हती. अशा वेळी तुम्ही काय करता?

एक विनंती, काढे आणि भस्मं सुचवू नका. तुमची तळमळ कळते, पण तिच्या किडनीवर आता कसलाच प्रयोग नको.

प्रतिसाद

ताई, मी इचलकरंजीचा. माझे वडील आठवड्यातून तीनदा डायलिसिसवर आहेत आणि अडीच वर्षं एटानरसेप्ट घेतायत. डॉक्टर नाही, मुलगा म्हणून लिहितो.

आमच्यापुढंही हेच दोन पर्याय होते. रिटुक्सिमॅबचा परिणाम कित्येक महिने अंगात राहतो, मध्येच मोठं इन्फेक्शन झालं तर ते काढून घेता येत नाही. एटानरसेप्ट त्या मानानं लवकर उतरतं. वडिलांना न्यूमोनिया झाला तेव्हा डॉक्टरांनी तीन डोस थांबवले, बरे झाल्यावर पुन्हा सुरू केले. दुसरं म्हणजे डायलिसिससाठी हिपॅटायटिस बी ची लस घ्यावीच लागते, आणि रिटुक्सिमॅबनंतर लस नीट लागू पडत नाही. आईंची ती लस झालीय का? किडनीच्या रुग्णांना दुप्पट मात्रेनं देतात आणि पूर्ण व्हायला सहा महिने लागतात. न्यूमोनिया आणि फ्लूचीही विचारा.

टोफासिटिनिब गोळी असली तरी तिचा काही भाग किडनीतून जातो, इतक्या कमी ईजीएफआरला मात्रा निम्मी करावी लागते. त्याच जातीचं बॅरिसिटिनिब तर बहुतेक किडनीतूनच जातं. स्वस्त म्हणून आपल्या मनानं सुरू करू नका. टोसिलिझुमॅब (हेही बायोलॉजिकच) कुणी सुचवलं तर एवढं ध्यानात ठेवा की त्यावर असताना इन्फेक्शन झालं तरी ताप आणि सीआरपी (रक्तातली सूज दाखवणारी तपासणी) चढत नाहीत, आपण गाफील राहतो.

सगळ्यात महत्त्वाचं, फिस्टुला (डायलिसिससाठी हातातली शीर आणि धमनी जोडतात ते छोटं ऑपरेशन) आत्ताच करून घ्या. आम्ही चालढकल केली आणि ऐनवेळी मानेत कॅथेटर (डायलिसिसची नळी) घालावा लागला. त्यातून दोनदा रक्तात इन्फेक्शन गेलं आणि तेवढे महिने वाताचं इंजेक्शन बंद. ज्या हातात फिस्टुला करायचाय त्या हातातून रक्त काढू देऊ नका.

पुराचं म्हणाल तर पावसाळ्यात आम्ही एका वेळी दोनच इंजेक्शनं आणतो. लाईट गेली की थर्मासच्या डब्यात, बर्फाला थेट लागू न देता, कापडात गुंडाळून. गोठलं तर ते फेकूनच द्यावं लागतं. डायलिसिस सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत बसतं, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात चौकशी करा.

धागाकर्तीचं उत्तर

दादा, तुमचं लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. तीन डोस थांबवून पुन्हा सुरू केले, हे तिनं दोनदा वाचायला लावलं. औषध हाताबाहेर गेलं तर थांबवता येतं, हे आम्ही तिला सांगतच होतो, पण कुणाच्या तरी वडिलांनी ते खरंच केलंय हे तिला ऐकायचं होतं. आता म्हणते, आधी ती क्षयाची गोळी सुरू करू.

हिपॅटायटिसच्या लशीचं आम्हाला कुणीच बोललं नव्हतं. वाताच्या डॉक्टरांना वाटलं किडनीवाले देतील, किडनीवाल्यांना वाटलं ते देतील. आज सकाळी पहिला डोस झाला. दोघांच्या चिठ्ठ्या आता एकाच वहीत चिकटवल्यात, ती वही प्रत्येक ठिकाणी टेबलावर आधी ठेवते.

फिस्टुला डाव्या हाताला करायचं ठरलंय. तिथली नर्स म्हणाली, नंतर रोज मऊ चेंडू दाबायचा म्हणजे शीर फुगते. पण आईची मूठच मिटत नाही, डाव्या मनगटाचा सांधा तर सगळ्यात वाईट. ज्यांच्या माणसाला वात असतानाच फिस्टुला केलाय त्यांनी कृपया लिहा, चेंडूऐवजी तुम्ही काय दिलंत? आणि मनगटापेक्षा कोपराजवळ करून घेतलेला कुणाचा आहे का?