जिल्ह्याची सरासरी पुरे, रोजचे वारे मोजा

गोदाकाठ
'नाशिक जिल्ह्यात सरासरीइतका पाऊस' ही बातमी वाचली की चीड येते. इगतपुरीला हंगामात 3000 मिलिमीटरच्या वर, पूर्वेच्या येवला-नांदगावकडे 500 च्या आसपास. या दोघांची सरासरी काढून कुणाची विहीर भरते? त्यात दरवर्षी एल निनोची, म्हणजे पॅसिफिक महासागराचं पाणी तापण्याची भीती. 1997 मध्ये एल निनो जबरदस्त होता, तरी देशाचा पाऊस सरासरीपेक्षा किंचित जास्तच झाला.

माझं मत असं की रोजचा दाबाचा आणि वाऱ्याचा नकाशा कुठल्या प्रकारात बसतो ते नोंदवावं आणि हंगामात कुठल्या प्रकारचे दिवस किती आले ते पाहावं. हवामानतज्ज्ञ ह्युबर्ट लॅम्ब यांनी ब्रिटनसाठी 1861 पासूनच्या प्रत्येक दिवसाला असा प्रकार लावून 1972 साली ती यादी छापली. आपल्याकडचे ठळक प्रकार तर नकाशावर सहज दिसतात. पश्चिमी वारे जोरात आणि किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा असला की इगतपुरीकडचं दारणा धरण भरतं, येवल्यावरून ढग नुसते पळतात. बंगालच्या उपसागरातलं डिप्रेशन, म्हणजे तीव्र कमी दाबाचं क्षेत्र, मध्य प्रदेशावरून पश्चिमेकडे सरकलं, तर पूर्व भागालाही पावसाची आशा. मान्सूनचा आस, म्हणजे उत्तर भारतावरचा कमी दाबाचा लांब पट्टा, हिमालयाच्या पायथ्याशी गेला की पावसात खंड. पूर्व भागातला दुष्काळ बऱ्याचदा यातल्या डिप्रेशनच्या प्रकारचे दिवस न आल्याचा असतो.

कांदेवाला
भाऊ, ढग पळतात ते सह्याद्रीमुळे. डोंगर काही दर वर्षी जागा बदलत नाही. 2023 ला मालेगाव, सिन्नर, येवला दुष्काळी जाहीर झाले, तेव्हा प्रकार क्रमांक अमुक होता हे कळून माझ्या लाल कांद्याला काय मिळालं असतं? आणि सप्टेंबरात आमच्याकडे जे बरसतं ते दुपारच्या गडगडाटी ढगातून. एका शिवारात वाफे वाहून जातात, शेजारच्यात धूळ. ते तुमच्या नकाशात कुठे बसवता?

गोदाकाठ
डोंगर जागचाच आहे, म्हणून तर वाऱ्याची दिशा महत्त्वाची. तोच डोंगर पश्चिमी वाऱ्यात तुमचं पाणी अडवतो, वारं मंदावून ओल पूर्वेकडून आली तर अडवत नाही. शिवारातलं वादळ नकाशात बसत नाही, मान्य. पण 'वादळ होण्याजोगा दिवस' बसतो. आणि अमुक गावात किती मिलिमीटर हे दहा दिवस आधी सांगणं अवघड असलं, तरी मोठा नकाशा कसा असेल याचा अंदाज त्या मानाने बरा लागतो. कांद्याची लागण चार दिवस पुढे ढकलायला तेवढं पुरतं.

आकडेमोड्या
वर्गीकरणाचं एवढं कौतुक नको. लॅम्ब नजरेनं ठरवत, आता संगणक गट पाडतो, पण गट किती पाडायचे ते माणूसच सांगतो. दहा सांगा, दहा देईल; तीस सांगा, तीस. एकाच गटातल्या दोन दिवसांत एकदा रिमझिम, एकदा ढगफुटीसारखा पाऊस, असंही होतं. आणखी एक खोट आहे. हवा एक अंशानं तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते. म्हणजे 1970 च्या दशकातला 'पश्चिमी जोराचा दिवस' आणि आजचा, प्रकार एकच पण पाणी वेगळं. जुन्या नोंदींवर बसवलेलं गणित किती वर्षं चालेल?

गोदाकाठ
बाष्पाचा मुद्दा बिनतोड आहे. पण दिवसांची वर्गवारीच नसेल, तर पाऊस वारं बदलल्यामुळे बदलला की बाष्प वाढल्यामुळे, हे वेगळं कसं काढणार? त्यासाठी तरी प्रकार लावावेच लागतील. तीस नकोत, सहा चालतील.

कांदेवाला
लावा प्रकार. फक्त निकाल जिल्ह्याच्या नावाने देऊ नका, निदान महसूल मंडळनिहाय द्या. नाहीतर इगतपुरीचं पाणी पुन्हा आमच्या खात्यावर.