शीतनिद्रा की शीतनिष्क्रियता?

प्रश्न: प्राण्यांबद्दल वाचताना ‘शीतनिद्रा’ नेहमी भेटतो, काही ठिकाणी ‘शीतनिष्क्रियता’ही दिसतो. दोन्ही एकच ना? मग ‘सुप्तावस्था’ कशाला म्हणायचं?

प्रतिसाद: अवस्था एकच, पण मला ‘निष्क्रियता’ जास्त पटतो, कारण ती झोप नव्हेच. आर्क्टिक प्रदेशात बिळात राहणारी एक खार आहे. हिवाळ्यात तिच्या शरीराचं तापमान उणे २.९ अंश सेल्सियसपर्यंत उतरल्याची नोंद आहे, तरी रक्त गोठत नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी ती स्वतःची चरबी जाळून अंग पुन्हा ३७ अंशांच्या आसपास तापवते. एवढा खटाटोप करून बाहेर पडेल, काही खाईल म्हणावं, तर ती त्यातला बराचसा वेळ चक्क झोपते! थंडगार मेंदूला खरी झोप मिळतच नाही, ती अशी भरून काढावी लागते. आता या अवस्थेला निद्रा कसं म्हणायचं?

प्रतिसाद: योगनिद्रेत तरी कोण घोरतं? रूढ शब्द आहे, राहू द्या. खटकायचंच तर ‘शीत’ खटकायला हवा. मादागास्करचा एक छोटा लेमूर कोरड्या ऋतूत सात-सात महिने झाडाच्या ढोलीत असा पडून असतो. ढोली दुपारी ३० अंशांच्या वर गेली की त्याचं शरीरही तेवढंच तापतं, तरी तो आपला निष्क्रियच.

प्रतिसाद: अस्वलाचंही तसंच. त्याचं तापमान सहसा तिशीच्या खाली जात नाही. मादी तर त्याच काळात गुहेत पिल्लांना जन्म देते, दूध पाजते. निष्क्रियता म्हणे!

मूळ प्रश्नकर्ता: ‘सुप्तावस्था’ राहिलाच.

प्रतिसाद: तो सगळ्यांत मोकळा शब्द. बी, कीटकाचं अंडं, जिवाणूचा बीजाणू, सगळ्यांना चालतो. चिखलात स्वतःभोवती चिकट स्रावाचा कोश करून कोरडा काळ काढणाऱ्या आफ्रिकी फुप्फुसमाशासाठी मात्र ‘ग्रीष्मनिद्रा’ हा नेमका शब्द आहे. अडचण हमिंगबर्डची. अँडीज पर्वतातल्या एका जातीचं तापमान रात्री ३.३ अंशांपर्यंत उतरलेलं मोजलंय, आणि सकाळी पक्षी पुन्हा फुलांवर हजर. एका रात्रीपुरत्या या प्रकाराला शीतनिद्रा म्हणू नये. मी सरळ ‘टॉर्पर’ लिहितो.

आणि हो, प्राणी शीतनिद्रेत ‘जातो’. ‘शीतनिद्रा करतो’ असं कुठे वाचलं असेल, तर ते घाईचं भाषांतर.