रहस्यकादंबरीतील महिला पोलीस अधिकारी : कोल्हापूरच्या वाचकांचे अनुभव

रहस्यकादंबरीत तपासाची सूत्रे महिला पोलीस अधिकाऱ्याच्या हाती असतात तेव्हा आपल्या वाचनात नेमका काय फरक पडतो, हे कोल्हापूर आणि परिसरातील वाचकांनी स्वानुभवातून लिहावे, यासाठी हा धागा आहे. कथानक उघड करू नये. कोठे विश्वास बसला आणि कोठे उडाला, ते सविस्तर लिहावे. पोलीस खाते किंवा न्यायालय यांच्याशी कामानिमित्त संबंध आलेल्यांनी तर आवर्जून लिहावे. माझ्यापुरते सांगायचे, तर नायिका किती शूर आहे यापेक्षा ती पाहते काय, याकडे माझे लक्ष असते. अंगावर वर्दी आहे, पण नजर जुन्या कथांतल्या गुप्तहेराचीच आहे, अशा नायिकेत माझे मन गुंतत नाही.

निवृत्त महिला पोलीस उपनिरीक्षक, कसबा बावडा

कादंबरीतील महिला अधिकारी प्रेत पाहते, क्षणात काहीतरी हेरते आणि गाडीत बसून निघून जाते. प्रत्यक्षात तिथे सर्वांत जास्त वेळ जातो तो मरणोत्तर पंचनाम्यात, आणि आम्ही घडलो त्या पंचनाम्यांमुळेच. लग्नाला सात वर्षे पूर्ण होण्याआधी विवाहितेने आत्महत्या केली किंवा तिचा संशयास्पद मृत्यू झाला, तर शवविच्छेदन टाळता येत नाही आणि चौकशीसाठी तहसीलदारांना बोलवावे लागते. ते येईपर्यंत घर जसेच्या तसे राखायचे असते. करवीर तालुक्यातल्या एका गावात अशीच मी स्वयंपाकघरात थांबले होते. सुनेने जीव दिला, असे सासरची माणसे सांगत होती. ओट्यावर विरजण लावलेले पातेले झाकून ठेवले होते, शेजारी मटकी भिजत घातलेली होती आणि खुंटीला मुलाचे अंगणवाडीचे दप्तर भरून अडकवलेले होते. यातून काही सिद्ध होत नाही, आणि पंचनाम्यात तसा अर्थ मी लिहिलाही नाही; दिसले तेवढेच लिहायचे असते. मात्र उद्याची एवढी तयारी करून ठेवणाऱ्या बाईविषयी पुढचा प्रश्न कोणाला विचारायचा, हे मला त्या ओट्याने सांगितले. शेजारच्या आजी हवालदारांपुढे पदर तोंडाला लावून गप्प उभ्या होत्या. मला मात्र त्यांनी जवळ बोलावून "तू कुणाची गं बाय?" असे विचारले, माझे माहेर, सासर, आडनाव सगळे काढून घेतले आणि मगच आदल्या रात्री ऐकलेले भांडण सांगितले. आधी साक्षीदार अधिकाऱ्याची चौकशी करते आणि मग स्वतः बोलते, हा प्रसंग मला कादंबरीत फार क्वचित भेटला आहे.

कादंबरीतल्या तपासाला बंदोबस्तही कधी आडवा येत नाही. आमच्याकडे नवरात्रात अंबाबाईच्या मंदिराचा बंदोबस्त, ललितापंचमीला त्र्यंबोलीची यात्रा, चैत्रात जोतिबा. गुन्ह्याची फाइल कपाटात राहते आणि तपास अधिकारी दर्शनाच्या रांगेपाशी उभी असते. तेवढ्या दिवसांत आरोपीला सवड मिळते, हे तिला ठाऊक असते. लेखकांनी हा काळ वापरला, तर उत्कंठेसाठी वेगळी पळापळ रचावी लागणार नाही.

फौजदारी वकील, कोल्हापूर

बहुतेक रहस्यकादंबऱ्या पोलीस ठाण्यातील कबुलीपाशी संपतात, तर आमचे काम तिथून सुरू होते. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. त्या निवेदनामुळे एखादी वस्तू सापडली, तर तिच्याशी थेट संबंधित असलेला भागच न्यायालयात वाचता येतो. १८७२च्या पुरावा कायद्यातील कलम २७ असो, की १ जुलै २०२४पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातील कलम २३, तत्त्व तेच आहे. म्हणून आरोपी पंचांना उसाच्या फडात नेऊन कोयता काढून देतो, तो प्रसंग लेखकाने घाईत उरकू नये. पुढे तेच पंच साक्षीच्या पिंजऱ्यात "मी कोऱ्या कागदावर सही केली" असे सांगून फितूर होऊ शकतात, आणि उत्तम तपास करणाऱ्या नायिकेचा खटला तिच्या डोळ्यांदेखत ढासळू शकतो. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याने, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने, झडती आणि जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक केले आहे, त्यामुळे अलीकडच्या काळातील कथेत पंचांच्या सहीबरोबर मोबाइलचा कॅमेराही आला पाहिजे. तारखेचे भान तर फारच थोडे लेखक ठेवतात : खून जून २०२४मधला असेल, तर जुन्या भारतीय दंड संहितेचे कलम ३०२, जुलैमधला असेल, तर नव्या भारतीय न्याय संहितेचे १०३.

महिला अधिकारी नायिका असेल, तर आणखी एक तरतूद हाताशी आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करायची नाही, असे कायदा सांगतो. अपवादात्मक परिस्थितीत महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. संशयित स्त्री समोर आहे, दिवस मावळतो आहे आणि कागद अजून तयार नाही, एवढ्यावर एक अख्खे प्रकरण उभे राहील.

वाचक, करवीर नगर वाचन मंदिराचे सभासद

१८५०पासून चालत आलेल्या या ग्रंथालयात मी शाळेत असल्यापासून रहस्यकथा वाचत आलो आहे. जुन्या कथांत स्त्री बहुधा फिर्यादी, संशयित किंवा मृत असे. तपास तिच्या हाती आल्यावर मृत स्त्रीविषयीही लेखक जास्त जाणून घेऊ लागले, असे मला जाणवते.

महिला हवालदाराचा मुलगा, राजारामपुरी

कादंबरीतील नायिका बहुतेक वेळा एकटी, घटस्फोटित आणि झोप हरवलेली असते. माझ्या आईला झोप उत्तम लागत असे. तपासाविषयी ती घरी बोलत नसे. फक्त जुन्या गुन्ह्यात साक्षीचे समन्स आले, की रात्री स्वयंपाकघरात बसून स्वतःच्या टिपणवहीतील तारखा आणि वेळा पुन्हापुन्हा वाचत असे, कारण उलटतपासणीत वकील नेमक्या त्याच विचारतात. कित्येक वर्षांपूर्वीच्या एका दुपारचा हिशेब द्यावा लागण्याची ती भीती मला कोणत्याही पाठलागापेक्षा खरी वाटते, आणि ती कोणीतरी लिहावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

कादंबरी लिहिणारी प्राध्यापिका, कोल्हापूर

माझ्या कथेतील उपअधीक्षक विदर्भातून बदलून आलेले आहेत. प्रेताजवळ चिठ्ठी सापडते : "मी आलो नाही म्हणून वाट बघू नको." ती पुरुषाने लिहिली, असे धरून तपास एकाच दिशेने धावतो. गंगावेशीत वाढलेली महिला हवालदार मात्र चिठ्ठी वाचताच थबकते, कारण आपल्याकडे बायकाही सर्रास "मी आलो, मी जातो" असेच बोलतात. वरिष्ठांना हे कसे पटवावे, यावर माझे लेखन अडले आहे. निवृत्त उपनिरीक्षक बाईंनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त महिला पोलीस उपनिरीक्षक, कसबा बावडा

बोलीचा मुद्दा तिने तोंडी सांगावा, पण साहेब त्यावर हलणार नाहीत; त्यांना कागद लागतो. चिठ्ठीशी ताडून पाहण्यासाठी संशयित स्त्रीने गुन्ह्याआधी, सहज म्हणून लिहिलेले काहीतरी मिळवावे लागेल. किराणाच्या याद्या टाकून दिल्या जातात, पत्रे आता कोणी लिहीत नाही. तिच्याकडे बचत गटाच्या हिशेबाचे काम असेल, तर ती वही अध्यक्ष बाईंच्या घरी सुरक्षित असेल. तुमच्या हवालदाराला आधी तिकडे पाठवा आणि वही पंचांसमोर ताब्यात घ्यायला लावा.