कपाट लावलं की आठवड्यात पुन्हा विस्कटतं: दांडी आणि खणांची वाटणी कशी करावी?

घडीमोड (प्रश्न)

दोन दारांचं कपाट आहे. आतून रुंदी ९० सेंमी, खोली ५५, उंची १९०. सगळ्यात वर ३० सेंमी उंचीचा कप्पा, त्याच्या फळीखाली कपडे टांगायची दांडी, दांडीपासून खाली ११० सेंमी मोकळी जागा आणि तळाशी ओढायचे दोन खण. प्रत्येक खण आतून १८ सेंमी उंच, साधारण ८४ रुंद, ४५ खोल.

कपडे एकाच माणसाचे: शर्ट २२, पँटी आणि जीन्स मिळून १०, टी-शर्ट ३०, स्वेटर ५, दोन जाड कोट, शिवाय मोजे, अंतर्वस्त्रं, घरात घालायचे कपडे. दांडी गच्च भरलेली असते. खणात टी-शर्टांच्या चळती आहेत, खालचा ओढला की वरचे कोसळतात. उभ्या घड्या करून पाहिल्या, त्या आडव्या होतात. एकदा घातलेले पण धुवायला न टाकलेले कपडे खुर्चीवर साठतात.

काय टांगावं, काय घडी करावं, आणि लावलेलं टिकेल कसं? नवीन कपाट करायचं नाहीये.

काटकोन

आधी दांडीचा हिशोब करा. पातळ हँगरवर शर्ट २.५ ते ३ सेंमी जागा खातो, जाड कोट ६ ते ८. तुमचे २२ शर्ट म्हणजे ५५ ते ६५ सेंमी, दोन कोट १५. झाले ८० पर्यंत. दांडी ९० ची आहे. म्हणजे पँटी टांगायला जागाच नाही, आणि तुम्ही त्याही टांगत असणार, म्हणून गच्च. दांडीवर हाताच्या पंजाएवढी, १० सेंमी तरी, जागा रिकामी हवी. ती नसली की हँगर काढताना शेजारचे दोन सोबत येतात आणि परत अडकवायचा कंटाळा येतो. कपाट विस्कटतं ते इथे.

तेव्हा जीन्स दांडीवरून उतरवा. जाड सुती कापडाला घडीने काही होत नाही. इस्त्रीची धार असलेल्या ३-४ पँटी टांगायच्याच असतील तर तेवढे शर्ट कमी करा, किंवा एक कोट वरच्या कप्प्यात आडवा ठेवा.

टांगताना लांबीप्रमाणे ओळ लावा: एका टोकाला कोट, मग शर्ट, शेवटी पँटी. शर्ट हँगरच्या आकड्यासकट सुमारे ८५ सेंमी लोंबतो, मधोमध दुमडून टाकलेली पँट ६५. तुमच्याकडे ११० आहेत. लांब-आखूड मिसळून टांगलं तर खालची रिकामी जागा तुकड्या-तुकड्यात वाया जाते. लांबीप्रमाणे लावलं तर शर्टांखाली सलग २५ सेंमी मिळतात. तिथे २० सेंमी उंचीच्या दोन उघड्या टोपल्या बसतात. एकीत जीन्स, दुसरीत घरचे कपडे.

हँगर सगळे एकाच जातीचे घ्या. जाड लाकडी आणि तारेचे मिसळले की खांदे वरखाली होतात आणि एकमेकांत गुंततात. तारेचे तर फेकाच, खांद्यावर टोक उमटतं. मखमली लेपाचे पातळ हँगर जागा वाचवतात, पण ओला कपडा त्यांवर टाकू नका, गडद लेपाचा रंग फिक्या कापडाला लागू शकतो. हँगरची रुंदी मोठ्या माणसाला ४२ ते ४५ सेंमी. तुमच्या ५५ खोलीत पुढे-मागे पाच-पाच सेंमीच उरतात, म्हणून दाराच्या आत हूक लावू नका. त्यावर काही अडकवलं की दार मिटत नाही.

उभीघडी

घड्या आडव्या होतात त्याची कारणं दोनच असतात: घडी नीट दाबलेली नसते, किंवा रांगेला आधार नसतो. कापड किती मऊ, हा नंतरचा प्रश्न.

टी-शर्ट पालथा पसरा. हाताने सुरकुत्या बाहेर काढा, हे टाळलं तर पुढचं सगळं वाया. दोन्ही बाजू आत घ्या, बाह्या उलट वळवून त्याच पट्टीत बसवा. तयार होणारी पट्टी २० सेंमी रुंद ठेवा, कारण तुमच्या ८४ च्या खणात अशा चार रांगा बसतात. आता खालची कड गळ्याकडे आणा, पण गळ्याच्या २-३ सेंमी अलीकडे थांबा. गळ्याची शिवण जाड असते, तिच्यावर कड आली की तो भाग फुगतो आणि घडी कलंडते. मग दुमडलेल्या बाजूने सुरुवात करून तीन भाग करा. ७० सेंमी लांबीचा टी-शर्ट असेल तर घडी साधारण १२ सेंमी उंच होते. टेबलावर उभी करून सोडा. उभी राहिली तर खणात राहील.

१८ च्या खणात १२ ची घडी म्हणजे वर ६ सेंमी वाया, असं वाटून तीनऐवजी दोनच भाग करू नका. मग उंची १७-१८ होते आणि खण लोटताना वरच्या आडव्या पट्टीला घासून शेवटची घडी मागे पडते. वरची मोकळी जागा बोटं घालायला लागतेच.

अशी घडी साडेतीन सेंमीच्या आसपास जाड होते. ४५ खोलीत जेमतेम १२ मावतात, पण १० वरच थांबा. गच्च भरलं तर एक काढताना शेजारची विस्कटते. फार सैल ठेवलं तर कलंडतात. म्हणून मागे उरलेल्या जागेत पुठ्ठ्याचा खोका किंवा पुस्तकांना लावायचा एल आकाराचा आधार ठेवा आणि कपडे कमी झाले की तो पुढे सरकवा. तुमचे ३० टी-शर्ट तीन रांगांत संपतात, चौथी रांग स्वेटरांना.

जीन्सचं गणित वेगळं. पाय एकावर एक, बाहेर आलेलं त्रिकोणी टोक आत, पायाची कड कमरेच्या थोडी अलीकडे. इथपर्यंत ५२ सेंमी. तीन भाग केले तर १७, टोपलीत चालेल, खणात अडकेल. खणात ठेवायची तर चार भाग.

निळा_बोळा

सगळंच उभं करायचा अट्टहास नको. निसरडं कापड, पातळ रेशीम, सॅटिनसारखं काहीही उभं राहत नाही, कितीही दाबा. ते टांगा नाहीतर गुंडाळी करून छोट्या डब्यात ठेवा. चळतही चालते, पण तिची उंची २५ सेंमीच्या आत आणि एका चळतीत एकाच प्रकारचे कपडे. स्वेटर तर मला आडवेच बरे वाटतात, उभ्या रांगेत त्यांची कड दबून वाकडी होते. पाच स्वेटर म्हणजे दोन चळती, वरच्या कप्प्यात सहज.

आणि खुर्चीवरच्या कपड्यांबद्दल कोणीच बोललं नाही! तो ढीग आळसाने होत नाही, त्या कपड्यांना घर नसतं म्हणून होतो. स्वच्छ कपड्यांत परत घालवत नाहीत, धुवायला टाकायचे नसतात. कपाटाच्या बाहेरच्या बाजूला किंवा भिंतीला चार हूक लावा. चारच. पाचवा कपडा आला की आधीचा एक धुवायला जाईल. दहा हूक लावलेत तर खुर्चीच भिंतीवर चढेल.

उभीघडी

स्वेटरचं मान्य, जाड विणीचे आडवेच ठेवा. फक्त टांगू नका. विणलेलं कापड स्वतःच्या वजनाने लांबतं आणि खांद्याला उंचवटे येतात, ते धुतल्याशिवाय जात नाहीत.

मोज्यांचे गोळे करू नका, इलॅस्टिक ताणलेलंच राहतं. जोडी एकावर एक ठेवून तीन घड्या पुरतात. १८ सेंमी खण मोज्यांसाठी फार खोल, म्हणून बुटांचे खोके १० सेंमी उंचीवर कापून आत बसवा. ते सरकत असतील तर तळाशी रबरी जाळी.

घडीमोड

फारच उपयोगी. जीन्स उतरवल्यावर दांडी खरंच मोकळी झाली. दोन जोडप्रश्न. खालचा खण अर्ध्यावर अडकतो. आणि वरच्या कप्प्यात कुबट वास येतो, तिथे डांबरगोळ्या टाकल्या तर?

काटकोन

आधी दोन्ही दारं पूर्ण उघडून बघा. दार थोडं आत राहिलं की खणाची कड त्याला अडते, बहुतेकदा एवढंच असतं. तसं नसेल तर खण बाहेर काढा. टेलिस्कोपिक चॅनेल (खण सरकवणाऱ्या, एकात एक जाणाऱ्या धातूच्या पट्ट्या) असेल तर दोन्ही बाजूंना काळ्या प्लॅस्टिकची छोटी पट्टी दिसेल. एका बाजूची वर, दुसऱ्या बाजूची खाली, दोन्ही एकाच वेळी दाबून सरळ ओढा. मागे एखादा मोजा पडलेला असतोच. परत बसवताना कपाटातल्या चॅनेलची बेअरिंगच्या गोळ्यांची जाळी पूर्ण पुढे ओढून घ्या, नाहीतर खण मध्येच थांबतो आणि जोर केलात तर गोळ्या गळतात.

तळ खाली झुकलाय का तेही पाहा. ८४ रुंदीला ३-४ मिमीचा तळ कपड्यांच्या वजनाने पोट काढतो आणि खालच्या फळीला घासतो. आतून ६ मिमी प्लायचा तुकडा, चारही बाजूंनी २ मिमी कमी कापून, टाका. उंची अर्ध्या सेंमीने कमी होईल, १२ च्या घडीला फरक पडत नाही.

लोकर

कुबट वास ओलाव्याचा असतो. डांबरगोळीने तो झाकला जातो, जात नाही. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटून असेल तर ५ सेंमी पुढे ओढा. थंड भिंतीवर दमट हवेचा ओलावा धरतो आणि मागच्या फळीला बुरशी लागते. इस्त्री केलेला कपडा गरम असतानाच आत ठेवू नका, वाफेचा ओलावा त्यात असतो, अर्धा तास बाहेर टांगा. दारं उघडून हवा द्यायची ती कोरड्या दिवशी. पावसाळी हवेत उघडी ठेवलीत तर उलट ओलावा आत येईल. आतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशी सहसा धरत नाही.

आता डांबरगोळ्या. त्यांची वाफ बंद खोक्यातच साठते, सतत उघडणाऱ्या कपाटात ती खोलीत पसरते, ते श्वासाला चांगलं नाही. घरात लहान मूल असेल तर मुळीच नको. दोन वेगळ्या प्रकारच्या गोळ्या एकत्र तर कधीच नको: नॅप्थलीन आणि पॅराडायक्लोरोबेंझीन शेजारी आले की पातळ होऊन डाग पडतात.

कसर लागते ती लोकर आणि रेशमाला, आणि कपडा खातात त्या अळ्या, उडणारे पतंग नव्हेत. घामाचा किंवा अन्नाचा डाग असलेला भाग आधी खाल्ला जातो. म्हणून हंगाम संपला की धुऊन, पूर्ण वाळवून, मगच स्वेटर ठेवा. शंका असलेला स्वेटर पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर लोकरीवर दव धरेल.

धुलाईवाल्याकडून आलेलं प्लॅस्टिकचं आवरण काढून टाका, आत ओलावा कोंडतो. झाकायचंच असेल तर जुनं सुती कापड. कच्च्या, पॉलिश नसलेल्या फळीवर पांढरा कपडा थेट ठेवू नका, कालांतराने तपकिरी डाग येतात, खाली सुती अस्तर घाला.

ओलावा शोषायला सिलिका जेलच्या पुड्या वरच्या कप्प्यात चालतील. रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर तास-दोन तास तापवून पुन्हा वापरता येतात. पाणी साठवणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे मात्र वर ठेवू नका. ते सांडलं तर खालचे सगळे शर्ट चिकट होतात, आणि चामड्यावर पडलं तर वस्तू गेलीच. डबा तळाशी, जिथे धक्का लागणार नाही अशा कोपऱ्यात ठेवा आणि भरत आला की लगेच रिकामा करा.