मदत हवी आहे: गच्चीवरच्या ग्रीनहाऊसचं आतलं शेवाळ

कुंडीवाली:
नाशिक, गंगापूर रोड. गच्चीवर छोटं ग्रीनहाऊस आहे. पाऊस संपला आणि सगळं हिरवंगार झालंय, झाडं नव्हे, भिंती. साबणाने घासून घासून हात दुखले, ढिम्म फरक नाही. सोमवारी रोपं येणार आहेत. ब्लीच मारू की टॉयलेट साफ करायचं ॲसिड? घरात दोन्ही आहे. लवकर सांगा. आणि 'माळ्याला बोलवा' नको, माळी मीच.

निफाडकर:
गंधकाची धुरी द्या, दार लावून घ्या. सकाळी बुरशी नाही, लाल कोळी नाही. आमच्याकडे पीक निघालं की हेच करतो.

इंदिरानगर_आजी:
अगं, काच आहे, प्लास्टिकचा कागद आहे की पॉलिकार्बोनेट, म्हणजे कडक प्लास्टिकचा पत्रा? आत आत्ता झाडं आहेत का?

कुंडीवाली:
काच नाही हो, प्लास्टिकच. झाडं फारशी नाहीत.

इंदिरानगर_आजी:
फारशी म्हणजे?

कुंडीवाली:
ऑर्किड टांगलीयत. ती काढावी लागतील?

जुना_केमिस्ट:
काढावीच लागतील. आणि ब्लीच व टॉयलेटचं ॲसिड एकत्र तर नाहीच, एकामागोमागही नाही. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड, बंद जागेत जमिनीलगत साचतो, आणि तुम्ही तिथेच उकिडव्या बसून घासत असणार. सातपूरला कारखान्यात आयुष्य गेलं, हा वास मी विसरणार नाही. क्षाराचे पांढरे डाग काढायला व्हिनेगर वापरणाऱ्यांनीही हेच लक्षात ठेवा.

धुरीबद्दल: गंधक जाळला की सल्फर डायऑक्साइड होतो, ओल्या जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपावर त्याचं आम्ल बनतं, पाइप गंजतो. प्लास्टिकच्या फिल्ममधलं उन्हापासून वाचवणारं द्रव्यही गंधकाने लवकर संपतं. शिवाय खाली माणसं राहतात.

निफाडकर:
आमची २०० मायक्रॉनची फिल्म अजून टिकून आहे. शहरात वास आला की लगेच घाबरतात.

मखमलाबादचा_मी:
निफाडकर, फळछाटणी उरकली का? आमच्याकडे ढगाळ हवेत द्राक्षावरच्या डावणी रोगाची धास्ती आहे.

निफाडकर:
अर्धी बाग राहिलीय. मजूरच मिळत नाहीत.

कुंडीवाली:
माझा धागा द्राक्षांचा नाही.

हिरवा_चाफा:
पहिल्यांदा ग्रीनहाऊस असेल तर रंगीत ढोबळी मिरची लावा, छान येते. आणि गच्चीवर शेड टाकायला सोसायटीची परवानगी घेतलीत ना? नंतर फार त्रास होतो.

कुंडीवाली:
स्वतःचा बंगला आहे. रोपंही ठरलेली आहेत. भिंतींचं सांगा!

इंदिरानगर_आजी:
माझ्याकडे गोमूत्र शिंपडते, कधी बुरशी नाही.

जुना_केमिस्ट:
ताई, शिंपडण्याने शेवाळ निघालेलं मी तरी पाहिलं नाही.

इंदिरानगर_आजी:
तुम्ही सगळं कारखान्यात पाहिलंत म्हणून.

पत्रेवाला:
थोडं थांबा सगळे. कुंडीवाली, आतून बोट फिरवल्यावर बोटाला हिरवं लागतं का? बाहेरून? आणि पत्रा एकेरी की दोन थरांचा, मधे पोकळ नळ्यांचा?

कुंडीवाली:
बोट दोन्हीकडून स्वच्छ. नळ्यांचाच आहे, ६ मिमी. त्याचा काय संबंध?

पत्रेवाला:
सगळा संबंध तिथेच आहे. शेवाळ पत्र्याच्या पोटात आहे. वरून ब्लीच, ॲसिड, गंधक, काहीही मारा, तिथवर पोचणारच नाही. टोकं नीट बंद केलेली नसली की नळ्यांत ओल शिरते, ऊन असतंच, शेवाळ धरतं. टोकाच्या पट्ट्या काढा, वरून कोमट साबणाचं पाणी नळ्यांतून सोडा, मग साधं पाणी, मग कंप्रेसरची हवा. पूर्ण वाळल्यावर वरच्या टोकाला ॲल्युमिनियम टेप, खालच्या टोकाला बारीक छिद्रांची, म्हणजे आतली वाफ निघून जाते. तारेची घासणी, थिनर, अमोनिया असलेला काचेचा क्लीनर पॉलिकार्बोनेटला लावायचा नाही. मऊ फडकं पुरे.

जुना_केमिस्ट:
हे मला सुचायला हवं होतं, असो. मग ब्लीच कुठे, तर जमीन, बाक आणि जुन्या कुंड्या. रोपमर, म्हणजे कोवळी रोपं बुडाशी कुजून कोलमडतात तो रोग, तिथूनच येते, भिंतीच्या हिरव्या रंगामुळे नाही. सांडलेलं कोकोपीट झाडून काढा आणि आधी साबणाने धुवा, कारण मातीवरच क्लोरीन खर्च होतो. घरगुती ब्लीच साधारण ५ टक्क्यांचं असतं. त्याचा १ भाग, पाणी ९ भाग, त्याच वेळी कालवलेलं. १० मिनिटं ओलं ठेवून भरपूर पाण्याने धुवा. पाइपावर पडलं तर लगेच पुसा. फॅन आणि धुकं फवारणाऱ्या फॉगरचे प्लग काढून ठेवा. हातमोजे, चष्मा, दोन्ही दारं उघडी, आणि सकाळीच करा. अकरानंतर आत ऑक्टोबरच्या उन्हात भट्टी होते.

कुंडीवाली:
दार एकच आहे. वर झरोका आहे, तो उघडते. पण पट्ट्या काढून रविवारपर्यंत होईल का?

पत्रेवाला:
जमीन आणि कुंड्या होतील, पत्रे नाही. रोपं काही दिवस शेडनेटखाली ठेवा. नळ्या उभ्या आहेत ना, उताराच्या दिशेने?

कुंडीवाली:
आडव्या आहेत. ज्याने बसवलं तो म्हणाला, आडव्याच दिसायला बऱ्या.

पत्रेवाला:
मग धुऊन फार दिवस टिकणार नाही. पाणी उतरायला वाटच नाही, पुढच्या पावसात पुन्हा हेच. पत्रे चौरस असतील तर फिरवून नळ्या उभ्या करून बसवा. यूव्हीची, म्हणजे उन्हापासून वाचवणाऱ्या थराची बाजू बाहेरच राहिली पाहिजे, काढण्याआधी मार्करने खूण करा. चौरस नसतील तर माप टाका इथे, किती वाया जाईल ते बघून सांगतो.

कुंडीवाली:
संध्याकाळी मोजते. शिडी शेजाऱ्यांकडे आहे.