मदत हवी आहे: मेलबर्नमध्ये सेकंडहँड मस्टँग की कमारो? आणि हे किमतीचं गणित काय आहे?

नमस्कार मंडळी,

मेलबर्नला येऊन नऊ वर्षं झाली, सगळी एका कोरोलावर काढली. आता बायकोने एकदाची परवानगी दिली आहे (मागे मुलीची कारसीट बसली पाहिजे या अटीवर, तो वेगळाच धागा होईल). दोन गाड्या मनात आहेत. दोन्ही २०१८ च्या, दोन्ही व्ही-एट (आठ सिलिंडरचं इंजिन): फोर्ड मस्टँग जीटी आणि शेव्हर्ले कमारो टू-एसएस. कमारोवाला बरेच जास्त मागतोय.

आत्तेभाऊ डेट्रॉइटजवळ असतो. त्याला सांगितलं तर हसतच सुटला. तिकडे या दोघी जन्माच्या वैरिणी, किमतीत फरक असला तर काही हजार डॉलरचा. इथे नव्या असताना मस्टँग जीटी साधारण ६३ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरपासून होती आणि कमारो ८५,९९० ला.

यातलं निम्मं मला कळलं. २०१५ च्या मॉडेलपासून मस्टँग मिशिगनमधल्या फ्लॅट रॉकच्या कारखान्यातूनच उजव्या स्टिअरिंगची निघते. कमारो तशी कधी निघालीच नाही. ती डाव्या स्टिअरिंगची यायची आणि इथे मेलबर्नमध्येच एचएसव्ही (होल्डन या इथल्या ब्रँडच्या खास गाड्या बनवणारी कंपनी) वाले ती सुटी करून डॅशबोर्डपासून सगळं उजवीकडे न्यायचे. ती मजुरी अर्थात गिऱ्हाइकाच्या माथी. वर इथला लक्झरी कार टॅक्स: ठरावीक किमतीच्या (तेव्हा ६६ हजारांच्या आसपास) पुढच्या रकमेवर ३३ टक्के. मस्टँग रेषेच्या अलीकडे राहिली, कमारो पलीकडे गेली.

इथवर ठीक. पण मग शेव्हर्लेच्याच कॉर्व्हेट स्पोर्ट्स कारचं काय? सी-एट, म्हणजे तिची आठवी पिढी, ही कारखान्यातूनच उजव्या स्टिअरिंगची येणारी पहिली कॉर्व्हेट. अमेरिकेत तिची सुरुवात साठ हजारला पाच डॉलर कमी अशी झाली, आणि इथे थेट १,४४,९९० पासून. इथला डॉलर हलका, इथलं मॉडेल जरा भरलेलं, टॅक्स, सगळं धरलं तरी हिशेब जुळत नाही. अमेरिकी गाडीवर इथे आयात शुल्कही नाही. नाशिकला बाबांना सांगितलं तर म्हणाले, "आपल्याकडे २०१६ ला हीच मस्टँग ६५ लाखांना आली होती, तू रडू नकोस." खरंय, पण तिथे एवढ्या मोठ्या इंजिनावर शंभर टक्के शुल्क होतं, कारण समोर दिसतं तरी.

परवा कमारोत बसून आलो. खिडकीची खालची कड इतकी वर की सवयीने कोपर खिडकीत टेकवायला गेलो तर हात नमस्कारासारखा उचलावा लागला. इंजिन चालू केलं आणि तक्रार विसरलो.

तर विचारायचं हे: रूपांतर केलेली गाडी पाच-सहा वर्षांनी विकताना भाव मिळतो का? आणि कॉर्व्हेटचं कोडं कुणी सोडवेल का? ती घेणार नाहीये, झोप येत नाही म्हणून विचारतोय.

प्रतिसाद १

कॉर्व्हेटचा हिशेब खर्चाकडून मांडू नकोस, शेजाऱ्याकडून मांड. मस्टँग इथे फोर्ड फाल्कन आणि होल्डन कमोडोर या इथेच बनणाऱ्या गाड्यांच्या ओसरीवर येऊन बसली. फोर्डचा ब्रॉडमेडोजचा कारखाना ऑक्टोबर २०१६ ला बंद झाला, होल्डनचा एलिझाबेथचा वर्षभराने. घरची व्ही-एट गेली, तिचं गिऱ्हाईक मागे राहिलं, आणि त्याच्या खिशाचा अंदाज फोर्डला चांगला होता. कॉर्व्हेट उभी आहे पोर्शे ९११ च्या शेजारी. पोर्शेची किंमत ऐकून आलेल्याला १,४५,००० सुद्धा सवलत वाटली. मग साठ हजाराला कोण कशाला विकेल?

कमारोबद्दल: मोजक्याच आल्या आणि २०२० नंतर रूपांतर बंद, म्हणून भाव टिकेल. पण गिऱ्हाईक शोधत बसावं लागेल. इंजिनाचे पार्ट अमेरिकेतून मागवशील, उजवीकडे नेलेल्या डॅशबोर्डचे कुठून मागवणार? आधी विम्याला फोन कर.

धागाकर्ता

केला. मस्टँगचा कोट पाच मिनिटांत आला. कमारो म्हटल्यावर त्या बाईंनी स्पेलिंग विचारलं, मग होल्डवर टाकलं, शेवटी मीच फोन ठेवला. शनिवारी मस्टँग बघायला जातोय. गिअर मॅन्युअल आहे, बायकोला अजून सांगितलेलं नाही. क्लच रोजच्या ट्रॅफिकमध्ये किती जड जातो, कुणी चालवली आहे का?